सोलापूर परिसरातील पाच हवामान केंद्रे : कामाच्या नोंदी, फेब्रुवारी ते ऑक्टोबर

४ फेब्रुवारी

जागा पक्क्या झाल्या. उत्तर सोलापूर (नान्नजच्या बाजूला), मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट आणि शहरातली एक गच्ची. गच्चीवर फक्त वायुदाब आणि माहिती गोळा करणारा संगणक राहील. तापमान तिथे घ्यायचे नाही. एप्रिलमध्ये दुपारी तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे तो आकडा हवेचा नसतो, स्लॅबचा असतो.

शेतातल्या जागा निवडताना लावलेले निकष असे. पर्जन्यमापकाच्या काठापेक्षा झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर मोकळे हवे, चौपट मिळाले तर उत्तम. वाऱ्यासाठी दहा मीटरचा खांब आणि अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतर. ही दुसरी अट शाळेच्या आवारात कुठेच पुरी होत नाही. म्हणून मोहोळ आणि अक्कलकोटला वारा मोजायचा, पण "निवाऱ्यातील वारा" अशी खूण लावूनच तो जतन करायचा. प्रत्येक जागेचे आठ दिशांनी फोटो काढून ठेवले. दोन वर्षांनी शेजारी शेड उभी राहिली तर आकडा का बदलला, ते या फोटोंवरूनच कळेल.

मोहोळची जागा कडुलिंबापासून चौदा मीटरवर आहे. अंतर नियमात बसते. (जुलैची नोंद पाहा.)

१२ फेब्रुवारी

पाया. काळ्या मातीत सगळ्यात जास्त चूक इथेच होते. उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगते. वरवर काँक्रीट ओतले की ठोकळा मातीबरोबर उचलला जातो आणि कलतो. उत्तर सोलापूर आणि अक्कलकोटला मुरूम लागेपर्यंत खोदले. तळाला मुरूम ठोकून बसवला, वर काँक्रीट घातले आणि चारही बाजूंनी पंधरा सेंटिमीटर जाडीचा वाळू-मुरमाचा थर दिला, म्हणजे माती फुगली तरी ढकलायला ठोकळा नाही, वाळू सापडेल. मोहोळला मुरूम दोन फुटांवरच लागला. मंगळवेढ्याला तो पाच फुटांवरही लागला नाही. तिथे मजूर थांबायला तयार नव्हते, ठोकळा आहे त्या खोलीवरच ओतला. हे काम अर्धवट आहे, असे इथे लिहून ठेवतो.

हाताने मोजायच्या पर्जन्यमापकासाठी ६० × ६० × ६० सेंटिमीटरचा वेगळा ठोकळा. काठ जमिनीपासून बरोबर ३० सेंटिमीटरवर.

१६ फेब्रुवारी

वातकुक्कुटाला (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाला) उत्तर दाखवणे. लोखंडी खांबाजवळ होकायंत्र फसते, म्हणून सावली वापरली. सोलापूरचे रेखांश ७५.९ अंश पूर्व, भारतीय प्रमाणवेळेचे ८२.५. फरक ६.६ अंश, अंशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्य आपल्याकडे सुमारे २६ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्याची स्वतःची दिरंगाई आणखी १४ मिनिटांची असते. म्हणून दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी ओळंब्याच्या दोरीची सावली जिथे पडली, ती खरी उत्तर. जमिनीवर दोन खुंट्या मारून ती रेषा कायम केली.

ही रीत मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत वापरू नये. त्या काळात सूर्य सोलापूरच्या उत्तरेकडून माथा ओलांडतो, त्यामुळे दुपारची सावली दक्षिणेला पडते. शिवाय ती इतकी आखूड असते की रेषा धड आखताही येत नाही.

दिशेची सरासरी अंशांची बेरीज करून काढायची नाही. ३५० आणि १० यांची साधी सरासरी १८० येते, वारा मात्र उत्तरेचाच असतो. साइन-कोसाइनने घटक वेगळे करून सरासरी काढणारा कोड चढवला. वेगासाठी दहा मिनिटांची सरासरी, झोतासाठी तीन सेकंदांची.

२ मार्च

पर्जन्यमापकांचे अंशांकन. दिवसभर हेच काम.

चारही टिपिंग बकेट (नरसाळ्याखालची जुळी वाटी; एक बाजू भरली की कलंडते, ते एक कलंडणे म्हणजे एक टिप) एकाच मापाच्या : नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर, क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, एक टिप ०.२ मिमीची. म्हणजे एका टिपेला ६.२८ मिलि पाणी. ६२८ मिलि ओतले की १०० टिपा यायला हव्यात.

पाणी भसकन ओतून चालत नाही. औषधाच्या दुकानातला सलाइनचा सेट घेतला. बाटली कडक हवी आणि सेटला हवा आत घेणारी झडप हवी. मग बाटली रिकामी होत गेली तरी धार सारखीच राहते, कारण हवा तोंडापाशीच आत शिरते आणि दाब तिथेच ठरतो. मऊ पिशवीत असे होत नाही, धार मंदावत जाते. ६२८ मिलि एका तासात सोडले की ताशी २० मिमीचा पाऊस होतो. बारा मिनिटांत सोडले की ताशी १०० मिमीचा.

मंद धारेला आकडे आले : उत्तर सोलापूर १०४, मोहोळ ९७, मंगळवेढा १०१, अक्कलकोट ९२. अक्कलकोटच्या वाटीखालचे स्क्रू कारखान्यातूनच खाली राहिले होते. स्क्रू वर घेतला की वाटी कमी पाण्यात कलंडते आणि टिपा वाढतात. दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवायचे, पाव फेऱ्याने, आणि दर वेळी पुन्हा पूर्ण ६२८ मिलि सोडायचे. तीन फेऱ्यांनंतर ९९. इतरही ९८ ते १०१ मध्ये आणले.

जोराच्या धारेला सगळ्याच चार ते सहा टिपा कमी देतात. तो दोष यंत्राच्या घडणीतलाच आहे. वाटी कलंडत असताना वरून येणारे पाणी आधीच भरलेल्या वाटीत पडते आणि वाया जाते. वळवाचा पाऊस नेमका असाच असतो. म्हणून केंद्रात फक्त प्रत्येक टिपेची वेळ साठवायची आणि तीव्रतेची दुरुस्ती नंतर, मूळ नोंदीला हात न लावता करायची. ज्या यंत्रात पाच मिनिटांची बेरीजच साठते, त्यात ही दुरुस्ती कायमची हातची जाते.

रीड स्विच (टिपा मोजणारा चुंबकी स्विच) एका टिपेला दोनदा वाजतो. १५० मिलिसेकंदांत आलेला दुसरा ठोका मोजू नये, असे ठेवले.

९ मार्च

आर्द्रतेचे सेन्सर (एसएचटी३१) बरणीत तपासले. संपृक्त मिठाच्या द्रावणावरची हवा २५ अंशांना ७५.३ टक्के आर्द्रतेची असते, मॅग्नेशियम क्लोराइडवरची ३२.८. मीठ ओलसर वाळूसारखे दिसले पाहिजे, वर पाणी तरंगता कामा नये. घरचे आयोडीनयुक्त मीठ घेऊ नये, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून इतर द्रव्ये घातलेली असतात. बरणी थर्मोकोलच्या खोक्यात आठ तास. तीन सेन्सर दोन टक्क्यांच्या आत, एक ७९ दाखवत होता. तो बाजूला काढला. सोल्डरिंगचा धूर सेन्सरच्या पडद्यावर बसला असावा. बोर्डाचे काम करताना त्यावर टेप लावायला हवी होती.

५ एप्रिल

तापमानाचे कवच. कुंड्यांखालच्या प्लॅस्टिकच्या बशांचे बारा थर, मध्ये १८ मिमी फट, बाहेरून पांढरा रंग आणि आतून काळा. अस्मन सायक्रोमीटर (एक कोरडा आणि एक ओल्या वातीचा असे दोन तापमापक, त्यांवरून पंख्याने हवा ओढणारे यंत्र) शेजारी टांगून तुलना केली. वारा ताशी दहा किलोमीटरच्या वर असला की फरक अर्ध्या अंशाच्या आत. दुपारी अडीचला वारा पूर्ण पडला तेव्हा कवचातला सेन्सर १.८ अंशांनी जास्त. एप्रिलमधल्या सोलापुरात वारा पडलेल्या दुपारी काही कमी नसतात, आणि बातमीत जातो तो कमाल तापमानाचा आकडा नेमका याच वेळी नोंदला जातो. पाच व्होल्टचा छोटा पंखा बसवला. वाचनाआधी दोन मिनिटे चालतो आणि बंद होतो. फरक ०.४ वर आला. दुपारी बारा ते चारपुरताच चालवला तर वीज परवडते.

अस्मनबद्दल दोन गोष्टी. वातीला बोअरचे पाणी लावू नये. आपल्याकडचे पाणी जड आहे, आठवड्यात वात पांढरी आणि कडक होते, पाणी वर चढत नाही, ओल्या फुग्याचे वाचन जास्त येते आणि आर्द्रता फुगते. बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. दुसरे म्हणजे समुद्रसपाटीच्या दाबाचा तक्ता वापरू नये. कोरडा ३८.०, ओला २२.० असताना आपल्या ९५८ हेक्टोपास्कलला आर्द्रता साडेचोवीस टक्के येते, समुद्रसपाटीच्या तक्त्याने साडेतेवीस. फरक एका टक्क्याचा आहे, पण तो कायम एकाच बाजूला पडतो.

२३ एप्रिल

वायुदाबमापक. पाचही बीएमई२८० एका खोलीत एकाच उंचीवर ४८ तास ठेवून आपसातले फरक काढले, सगळ्यात मोठा १.३ हेक्टोपास्कल. आपल्या उंचीवर साधारण नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल उतरतो, म्हणजे केंद्राची उंची मोबाइलवरून घेतली तर समुद्रसपाटीचा दाब एका झटक्यात चुकतो. उंची तपासून आणलेली हवी.

मोहोळचा दाब दुपारी चारला वाढताना दिसला. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो : सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. हा हेलकावा इतका नेमाचा आहे की तो दिसला नाही तर आधी यंत्रावर संशय घ्यावा. कारण सापडले. पाणी जाऊ नये म्हणून पेटी सिलिकॉनने पक्की बंद केली होती. आतली हवा तापून तिचा दाब वाढत होता. पाणी अडवणारी आणि हवा जाऊ देणारी पडद्याची व्हेंट तळाला बसवली. दुसऱ्याच दिवशी चारचा उतार दिसू लागला.

८ मे

पहिला वळीव. उत्तर सोलापूर केंद्र पावसाआधीच बंद पडले. वीज पडून नव्हे, मोडेममुळे. नेटवर्क कमकुवत झाले की मोडेम क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतो, पातळ तारेत व्होल्टेज पडते आणि ईएसपी३२ (केंद्र चालवणारा छोटा नियंत्रक) पुन्हा सुरू होतो. पुन्हा सुरू झाला की पुन्हा मोडेम चालू करतो. असे रात्रभर. जाड तार, मोडेमच्या पायाशी २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि तीनदा जोडणी फसली तर तासभर गप्प राहण्याचा नियम. नोंद आधी कार्डावर, मग पाठवणे. क्रम उलटा असू नये.

लिथियम-आयन बॅटऱ्या काढल्या. पेटीत साठ अंश होतात, त्यांना ४५ च्या वर चार्ज करू नये. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची शिसे-आम्ल बॅटरी खांबाच्या उत्तरेला सावलीत, वेगळ्या पेटीत. सरासरी वापर २५ मिलिअँपिअर, दिवसाला ०.६ अँपिअर-तास. निम्मी बॅटरी वापरायची धरली तरी साडेपाच दिवस ढगाळ हवा निघते.

१९ मे

पेटीत पाल आणि तिची अंडी. केबलची भोके खालून, रबरी ग्लँड घट्ट, केबलला खाली झोळ.

३ जून

मृग लागायच्या आत प्रत्येक केंद्राशेजारी हाताने मोजायचा पर्जन्यमापक बसवला. मोजपात्राची गल्लत होऊ देऊ नये. बाजारात १०० आणि २०० चौरस सेंटिमीटरची नरसाळी मिळतात, पात्रे दिसायला सारखीच. २०० च्या पात्रात १ मिमीला २० मिलि, १०० च्या पात्रात १० मिलि. अदलाबदल झाली की पाऊस निम्मा किंवा दुप्पट, आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. नरसाळे आणि पात्र दोन्हींवर सारखाच लाल पट्टा मारला.

१४ जुलै

मोहोळ केंद्र नऊ दिवस शून्य दाखवत होते. कुणाला शंका आली नाही, कारण जुलैत सोलापुरात नऊ दिवस कोरडे जाणे काही नवल नाही. या प्रकल्पातली सगळ्यात घातक बिघाडाची जात हीच. कोकणात यंत्र नऊ दिवस शून्य दाखवू लागले तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी फोन करेल. पर्जन्यछायेत खोटा शून्य खऱ्यासारखाच दिसतो, आणि पावसाचा खंड मोजताना, म्हणजे पीकविम्यात आणि दुष्काळाच्या निकषांत, नेमका तोच आकडा कामाला येतो.

हाताच्या पर्जन्यमापकात त्याच नऊ दिवसांत तीनदा पाऊस मिळून १७.५ मिमी. नरसाळे उघडले तर तोटीत निंबोळीच्या चार बिया आणि विष्ठा. झाड नियमाप्रमाणे लांबच होते, पण साळुंक्या निंबोळी तोंडात घेऊन नरसाळ्याच्या काठावर येऊन बसतात. अंतराच्या नियमात पक्षी धरलेले नाहीत.

जुन्या नोंदी पुन्हा पाहिल्यावर बिघाडाची सुरुवात सापडली. २८ जूनच्या सरीनंतर दुसऱ्या दिवशी, कडक उन्हात, चाळीस-चाळीस मिनिटांनी एकेक टिप पडत होती. अर्धवट तुंबलेल्या नरसाळ्यातून साचलेले पाणी असे झिरपते. आर्द्रता ५० च्या खाली, ऊन पडलेले आणि टिपा ठरावीक अंतराने, हे तिन्ही जमले की तो पाऊस नसतो. तेव्हाच पाहिले असते तर नऊ दिवस वाचले असते.

उपाय : काठाबाहेर केबल टायची उभी टोके, दर तीन सेंटिमीटरला एक. तोटीवर सुटी होणारी शंकूची जाळी, भोके तीन मिमीची. त्याहून बारीक जाळी लावली की आपल्या धुळीनेच तुंबते.

१६ जुलै

कोडमधलीही चूक. त्या दिवसाची एकही नोंद आली नसेल तर बेरीज शून्य येत होती. रिकाम्या यादीची बेरीज शून्यच असते, संगणकाचे काही चुकलेले नाही. आता दोन वेगळ्या गोष्टी : केंद्र जिवंत होते आणि टिप पडली नाही, तर "०.०". केंद्राची दर दहा मिनिटांची हजेरी ९० टक्क्यांपेक्षा कमी, तर "नोंद नाही". तक्त्यात ती चौकट रिकामी ठेवायची. रेघ मारायची नाही, शून्य तर मुळीच नाही.

२ ऑगस्ट

सोमवारची शंभर मिलि. प्रत्येक केंद्रावर शाळेचा एक शिपाई किंवा शेजारचे शेतकरी सोमवारी सकाळी पेटीवरचे "देखभाल" बटण दाबतात, नरसाळ्यात १०० मिलि पाणी हळूहळू सोडतात. १५ किंवा १६ टिपा यायला हव्यात. बटण दाबल्यापासून वीस मिनिटांच्या टिपा पावसात धरल्या जात नाहीत. बटण विसरले तर ३ मिमीचा खोटा पाऊस होतो. मंगळवेढ्याला दोनदा झाला. म्हणून सोमवारी सकाळी ७ ते ८ मध्ये १५-१६ टिपा एकदम आल्या तर विचारणा करणारा संदेश जातो.

नियम केला : गेल्या आठ दिवसांत शंभर मिलिची चाचणी उतरली नसेल, तर त्या केंद्राचा शून्य प्रसिद्ध करायचा नाही.

त्याच्या जोडीला संशयाची एक खूण. वादळी ढगाखालचा गार झोत आला की पंधरा मिनिटांत तापमान सहा-आठ अंश उतरते, दाब एखादा हेक्टोपास्कल उसळतो, वारा अचानक वाढतो. हे तिन्ही दिसून आर्द्रता ९५ च्या वर गेली आणि टिप एकही नाही, तर "तपासा". पुरावा म्हणून नव्हे. झोत येतो आणि पाऊस शेजारच्या गावात पडतो, हे इथे नेहमीचेच.

११ सप्टेंबर

रात्री दोन ते चार पाऊस. आपल्या तक्त्यात तो १० तारखेला, हातच्या वहीत ११ तारखेला. दोष कुणाचाच नाही. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो आणि वाचन ज्या दिवशी घेतले त्या तारखेला लिहिले जाते. आपले यंत्र जागतिक वेळेत चालते, तिथे आपली रात्रीची दोनची वेळ म्हणजे आदल्या दिवसाची २०.३०. आता दिवसाची सीमा जागतिक वेळेनुसार ०३.०० ला, तारीख शेवटाची. महसूल मंडळाच्या महावेध केंद्राशी (राज्याच्या स्वयंचलित हवामान केंद्रांचे जाळे) तुलना करण्याआधी दोन्हींचे चोवीस तास एकच आहेत ना, हे पाहावे. सप्टेंबरचा पाऊस बहुतेक संध्याकाळी आणि रात्री पडतो, त्यामुळे ही गल्लत याच महिन्यात जास्त होते.

शेजारच्या केंद्राशी फार फरक आला तर नोंद आपोआप पुसणारा नियम पावसासाठी काढून टाकला. तापमान आणि दाबासाठी तो ठेवला.

रडार असताना हे सगळे कशाला, हा प्रश्न सारखा येतो. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला रडारचा झोत शंभर किलोमीटरवर जमिनीपासून जवळजवळ दीड किलोमीटर उंच असतो. त्याखालच्या कोरड्या हवेत थेंब सुकून जातात, ते रडारला दिसत नाही. आयआयटीएमने (पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला तळ ठेवून कॅइपीक्स या ढगांच्या प्रयोगाचा चौथा टप्पा केला, त्यातही विमाने आणि सी-बँड रडार यांच्या जोडीला जमिनीवर पर्जन्यमापकांचे जाळे होते. ढगांतल्या बीजारोपणाने (कृत्रिम पावसाच्या फवारणीने) पावसात सरासरी १८ टक्के वाढ, असा निष्कर्ष निघाला. अक्कलकोटचे यंत्र पेटीतून काढले तेव्हा ८ टक्के कमी मोजत होते. अशा यंत्रांवर १८ टक्क्यांचा फरक शोधायला बसले तर काय हाती लागेल, ते वेगळे सांगायला नको.

२८ सप्टेंबर

मंगळवेढ्याला शंभर मिलिला सलग तीन आठवडे १३ टिपा. जाळी स्वच्छ. पाणसळ ठेवली तर ठोकळाच एका बाजूला झुकलेला. माती फुगली. एक वाटी जास्त पाणी घेते, दुसरी कमी, आणि दोन्ही चुका एकमेकींना पुऱ्या खोडत नाहीत. तात्पुरते बैठकीचे तीन नट फिरवून यंत्र समतल केले, १६ टिपा आल्या. ६ सप्टेंबरपासूनच्या नोंदींना "कल" अशी खूण. आकडे बदललेले नाहीत.

१७ ऑक्टोबर

पहाटे सहाच्या सुमारास अक्कलकोटला ०.२, आकाश निरभ्र. दव. एकटी टिप, वारा शांत, आर्द्रता ९५ च्या वर, रात्रभर पाऊस नाही : अशी टिप "दव" म्हणून वेगळी. थंडी वाढेल तशा या वाढतील.

चारही बकेटांची ६२८ मिलिची चाचणी पुन्हा : ९९, ९८, १००, ९७. मंगळवेढ्याचा ठोकळा जमीन सुकून भेगा पडल्या की, म्हणजे मार्चमध्ये, उकरायचा. या वेळी मुरूम लागेपर्यंत. मजुरांचे दोन दिवस धरून ठेवावेत.